पंखाखालचे चार बॉम्ब

मी आजवर शेकडो जुनी लढाऊ विमानं ओळखली आहेत आणि त्यांतलं एकही कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

खोटं कशाला बोलू? धाराशिवच्या डोक्यावरून जी विमानं जातात ती इतक्या उंचावरून जातात की त्यांचा नुसता आवाज आपल्या वाट्याला येतो. माझा सगळा व्यवहार फोटोंशी. मोबाईलवर आमचा एक ग्रुप आहे. कुणीतरी आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला पिवळा पडलेला फोटो टाकतो, "हे कोणतं विमान?" असं विचारतो, आणि माझ्यासारखे पन्नासेक रिकामटेकडे त्याच्यावर तुटून पडतात. कुणी चाक बघतो, कुणी शेपूट बघतो. मी तर (सांगू नये, पण सांगतो) नुसत्या खिडकीच्या आकारावरून विमान सांगतो. सुरेखाचं, म्हणजे आमच्या सौ.चं, म्हणणं असं की साठ वर्षांपूर्वीच्या विमानाची खिडकी ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोची नवी साडी ओळखू येत नाही. हा शुद्ध अन्याय आहे. साडी मी ओळखली होती. हिरवी होती. किंवा निळी.

त्या वर्षी धोंड्याचा महिना नेमका पंधरा ऑगस्टला धरून आला. धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक मास, तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वर अनारसे देतात, कपडे करतात. एरवी जावई हा नुसता जावई असतो. धोंड्यात तो साक्षात विष्णू! आणि विष्णूला कुणी "देवा, तुमचं चुकतंय" असं म्हणत नाही. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

माझी सासरवाडी माकणीची. धरणाच्या अंगाला थोडी जमीन आणि दावणीला तीस-चाळीस शेळ्या. काळ्याभोर, लांब कानांच्या, आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर करणाऱ्या शेळ्या. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणतो, शेळ्यांत वाढले. सासूबाई, म्हणजे मामी, शेळ्यांच्या घरातून शेळ्यांच्या घरात आल्या. फक्त मामांचे वडील तात्या, वय शहाऐंशी, हे तरुणपणी शेळ्या सोडून विमानदलात गेले. विमानांची देखभाल करायचे. बरीच वर्षं नोकरी करून ते गावी परतले आणि त्यांनी पारावर एक गोष्ट सांगितली.

गोष्ट अशी, की वर बर्फाच्या डोंगरात जवानांना ताजं मटण मिळावं म्हणून आम्ही विमानातून जित्त्या शेळ्या न्यायचो आणि छत्री बांधून खाली सोडायचो.

झालं! गाव हसून हसून लोळलं. सगळ्यांत जास्त हसला गेनबा. गेनबा तात्यांच्या बरोबरीचा, जन्म शेळ्यांमागं गेलेला. तो त्या दिवशी जो हसायला लागला तो पन्नास वर्षं हसतच होता. कुणाची शेळी हरवली की गेनबा तात्यांच्या दारात हजर. "तात्या, जरा आभाळात बघ की रं, तिकडं गेली का!" तात्यांनी मग ती गोष्ट सांगणंच सोडून दिलं. नोकरीतला एक फोटो होता, तोही ट्रंकेत गेला.

तो फोटो शाळेच्या गुरुजींनी बाहेर काढला. पंधरा ऑगस्टला तात्यांचा सत्कार करायचा आणि फोटो मोठा करून शाळेत लावायचा असं ठरलं. तात्यांनी एकच गोष्ट मागितली. "फोटूखाली माझ्या इमानाचं नाव नीट ल्ह्या. गेनबाला वाचता येतंय अजून. त्येला कळू द्या, म्या खरं बोललो ते."

आता एवढं साधं काम. तात्यांना विचारायचं आणि लिहायचं. पण घरात विमानतज्ज्ञ जावई असताना म्हाताऱ्याला कोण विचारतो? मामांनी फोटो मला पाठवला.

"जावईबापू, नाव तुम्हीच सांगा. तुमच्यासारखा जाणकार जिल्ह्यात न्हाय."

(हे खरं होतं. जिल्ह्यात दुसरा कुणी हा उद्योग करतच नाही.)

फोटोत तरुण तात्या टोपी घालून उभे. मागं एक इंजिन, त्याचा पंखा, एक भलं मोठं चाक आणि अर्धा पंख. बाकी विमान फोटोच्या बाहेर. आणि पंखाखालच्या सावलीत चार काळ्या, लांबट, गुबगुबीत वस्तू ओळीनं ठेवलेल्या.

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. अंगावर काटा आला.

"सुरेखा! बॉम्ब!"

ती स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. "कुठं?"

"तात्यांच्या मागं! चार! तुझे आजोबा बॉम्बफेक्या विमानावर होते, आणि सगळ्या गावानं त्यांना शेळ्यांचा तात्या करून टाकला!"

तिनं मोबाईल हातात घेतला. कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, पण हे तर..."

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो आणि मोबाईल काढून घेतला.

पुढचे तीन दिवस मी जेवताना, झोपताना, ऑफिसात लोकांचे दाखले अडकवून ठेवून त्या फोटोचा अभ्यास केला. बॉम्ब आहेत, म्हणजे विमान बॉम्बफेकं. आपल्याकडं त्या काळात होतं लिबरेटर. चार इंजिनांचं! फोटोत एकच दिसतंय, कारण बाकीची तीन मावली नाहीत. आता एक अडचण होती. लिबरेटर जमिनीवर सरळ उभं राहतं आणि फोटोतलं विमान शेपटीकडं चांगलंच कललेलं. मी विचार केला आणि उत्तर सापडलं. जमीन उताराची होती! ग्रुपवर एकानं भीत भीत लिहिलं, "डकोटा वाटतंय." मी उत्तर दिलं, "दादा, डकोटा माल वाहतं. मालवाहू विमानापाशी बॉम्ब काय चटणी वाटायला ठेवलेत?" त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी ती शरणागती समजलो.

पंधरा ऑगस्टच्या आधी आठ दिवस आम्ही धोंड्याच्या जेवणाला माकणीला गेलो. पाटाभोवती रांगोळी, पुढं तूप सोडलेले धोंडे. एकतिसावा का बत्तिसावा घास घेता घेता मी निकाल जाहीर केला.

"लिबरेटर!"

"वा!" मामा म्हणाले. त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक.

तात्या बाजेवर बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "तात्या, तुमचं विमान सापडलं! लिबरेटर!"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "न्हाय ओ. डकोटा व्हतं."

"तात्या, वय झालं की घोटाळा होतो. लिबरेटरच."

"आठ वर्सं त्येचीच चाकं पुसली म्या. डकोटा."

तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलो आणि अर्धा तास त्यांना समजावून सांगितलं की त्यांनी आठ वर्षं कोणत्या विमानाची चाकं पुसली. चाकाचा घेर सांगितला. जमिनीचा उतार सांगितला. पंखाखालचे पाचशे पौंडी बॉम्ब दाखवले. तात्या ऐकत राहिले. शेवटी त्यांनी फोटो हातात घेतला, त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाले, "जावई म्हणतेत तर तसंच असंल."

(हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय आहे असं मला त्या वेळी वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.)

मग मामींनी मोबाईल मागितला. तो लांब धरला, जवळ धरला, एक डोळा मिटून बघितला.

"जावईबापू, ह्या काळ्या काळ्या..."

"बॉम्ब, मामी."

"व्हय का? आन् ह्यो कान कशाचा?"

"तो कान नाही. बॉम्बच्या मागं पातं असतं, म्हणजे तो सरळ खाली पडतो."

मामींनी सुरेखाकडं बघितलं. सुरेखानं भिंतीकडं बघितलं. मामांना एकाएकी ठसका लागला.

"असंल बाई," मामी म्हणाल्या. "आणखी एक धोंडा घ्या."

फ्लेक्स मी स्वतः धाराशिवला उभं राहून करून घेतला. सहा फूट बाय चार. वर तात्यांचं नाव, खाली ठळक अक्षरांत 'बॉम्बफेके विमान लिबरेटर आणि चार बॉम्ब यांच्यासमवेत', आणि सगळ्यांत खाली, अगदी लहान अक्षरांत (म्हणजे तात्यांच्या नावापेक्षा थोड्याच लहान), 'ओळख: विमानतज्ज्ञ श्री. भास्करराव'. फ्लेक्सवाल्याला मी बजावून सांगितलं, "ते बॉम्ब सावलीत गेलेत. जरा उठावदार कर. लोकांना दिसले पाहिजेत!" त्यानं उजेड वाढवला, कडा धारदार केल्या. छापून झाल्या झाल्या गुंडाळी करून माझ्या हातात दिली. उघडून बघायला सवड कुणाला होती? ती सहा फुटांची गुंडाळी मी एसटीत उभी धरून माकणीपर्यंत नेली आणि वाटेत विचारील त्याला लिबरेटरची माहिती दिली. शेजारच्या दोघांनी जागा बदलली.

पंधरा ऑगस्ट. झेंडावंदन झालं, पोरांची गाणी झाली. तात्या इस्त्रीचा सदरा घालून, छातीला पदक लावून खुर्चीत बसलेले. पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून गेनबा. गुरुजींनी दोरी ओढली, पडदा बाजूला झाला, टाळ्या पडल्या आणि माईक माझ्या हातात आला.

मी जो सुटलो! फ्लेक्सकडं पाठ, लोकांकडं तोंड. "बंधूंनो आणि भगिनींनो, या गावानं या वीराची थट्टा केली. शेळ्या उडवतो म्हणून हसलात! पण पुरावा काय सांगतो? पुरावा सांगतो, शेळ्या नव्हत्या! बॉम्ब होते!"

बोलता बोलता नजर तात्यांकडं गेली. ते मान खाली घालून पदकाशी चाळा करत होते. मला वाटलं, गहिवरले.

गेनबा उठला. काठी टेकत टेकत फ्लेक्सपाशी गेला. चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला आणि नाक फ्लेक्सला लागेल इतका पुढं वाकला. मी बॉम्बच्या वजनावर आलो होतो.

"पाचशे पौंड! एकेक बॉम्ब पाचशे पौंडांचा!"

"गुरुजी," गेनबा मागं न बघता मोठ्यानं म्हणाला, "ह्यो बॉम्ब रवंथ करतोय की ओ!"

सगळ्या माना फ्लेक्सकडं वळल्या.

"बाबा, मागं या," मी म्हणालो. "ते तांत्रिक आहे."

"कसलं तांत्रिक? शेळ्या हायत ह्या! बसल्यात. ही म्होरली गाभण हाय, बगा पोट. ही दुसरी कवळी पाठ हाय, अजून व्यालीच न्हाय. आन् ह्यो कडंचा बोकड."

"अहो, तो पाचशे पौंडी..."

"पाचशे?" गेनबानं माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "मुतून आला तर तीस किलो भरायचा न्हाय त्यो!"

आता माझी खरी चूक काय झाली सांगतो. विमान चुकलं ते चुकलं. मी हे सगळं माकणीत करायला नको होतं. दुसऱ्या कुठल्या गावात खपून गेलं असतं. इथं अर्धं गाव शेळ्यांमागं जन्म काढलेलं. बघता बघता सगळी मंडळी खुर्च्या सोडून फ्लेक्सभोवती गोळा झाली. कुणी शिंगं दाखवतंय, कुणी कास. "आपल्याकडची न्हाय ही जात, कान आखूड हाय." "पर शेळीच!" मी मागं वळून पहिल्यांदाच नीट बघितलं. उजेड वाढवलेल्या, कडा धारदार केलेल्या त्या सहा फुटी फ्लेक्सवरून चार शेळ्या माझ्याकडं टकामका बघत होत्या. बॉम्ब उठावदार करा म्हणून मीच सांगितलं होतं!

मला वाटलं, धरणीमाते, पोटात घे. माईक अजून हातातच होता.

आणि तेवढ्यात गेनबाच्या एकदम काहीतरी ध्यानात आलं. तो फ्लेक्सपासून हलला, तात्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला.

"तात्या, ह्या शेळ्या इमानापाशी कशापायी रं बसवल्या?"

"कशापायी म्हंजी? चढवायच्या व्हत्या."

"इमानात?"

"मंग काय बैलगाडीत? पन्नास वर्सं काय सांगतोय म्या तुला?"

पन्नास वर्षं तात्यांना खोटं पाडणारा माणूस, आणि पुरावा त्यानंच शोधून काढला होता. तो तात्यांच्या पायाशी खालीच बसला, त्यांचा हात धरला. "लई हसलो रं तुला," तो म्हणाला. "लई हसलो. माफ कर गड्या." तात्यांनी दुसऱ्या हातानं डोळे पुसले. ज्या फोटोवर तात्यांची अब्रू अडकली होती, त्यातल्या शेळ्यांचे मी बॉम्ब करून ठेवले होते, आणि त्यांनी नुसतं "तसंच असंल" म्हणून ते ऐकून घेतलं होतं.

गुरुजींनी माझ्या हातातला माईक काढून घेतला (जरा जोरातच) आणि तात्यांसमोर धरला. तात्या पाऊण तास बोलले. शेळीला गोधडीसारखं जाड कापड गुंडाळून खोक्यात कसं बसवायचे ते सांगितलं. एका शेळीनं विमानातच पिठाचं पोतं लाथेनं फोडलं आणि सगळे पांढरे होऊन उतरले ते सांगितलं. एकदा खालून निरोप आला की माल पोचला, पण शेळीनं छत्री खाल्ली! सगळं मैदान हसत होतं. या वेळी तात्याही हसत होते.

"आन् इमान व्हतं डकोटा," शेवटी ते म्हणाले. "ते असंच बसतंय, शेपूट टेकवून, कुत्रं बसल्यावानी. जमीन सपाट व्हती." मग त्यांची नजर माझ्याकडं गेली आणि ते चाचरले. "पर जावई म्हणतेत की..."

"डकोटा!" मी मैदानाच्या त्या टोकावरून बोंबललो. "तात्या, डकोटाच!"

घरी आल्यावर मी मामींना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिशी दिसलं की ओ. शेळ्यांच्या घरात शेळी वळखू यीना व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"धोंड्याचा महिना, जावईबापू! इष्णूला कसं म्हणावं, देवा, ह्या शेळ्या हायत म्हणून?"

मी मामांकडं बघितलं. मामा पुन्हा खोकायला लागले. सुरेखा म्हणाली, "मी तर लाटणं हातात असतानाच सांगत होते. पण मला यातलं कळत नाही ना!"

राहता राहिले तात्या. "तुम्हाला तर विमानही माहीत होतं आणि शेळ्याही," मी म्हणालो. "तुम्ही का ऐकून घेतलंत?"

तात्यांनी खांदे उडवले. "नातीचा संसार हाय. एका इमानापायी कशाला खडा टाकायचा?"

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर कागद चिकटवले. 'लिबरेटर'वर 'डकोटा', 'बॉम्ब'वर 'शेळ्या', आणि 'बॉम्बफेके'वर नुसताच कोरा. माझं नाव मात्र काढलं नाही. मी हातापाया पडलो, पण मामा ऐकेनात. जावयाचं नाव पुसणं बरं दिसत नाही! त्यामुळं आज माकणीच्या शाळेत जो येतो तो वाचतो, 'विमान डकोटा आणि चार शेळ्या यांच्यासमवेत. ओळख: विमानतज्ज्ञ श्री. भास्करराव.'

परवा ग्रुपवर कुणीतरी नव्या माणसानं विचारलं, "इथं एकानं तरी लिबरेटर प्रत्यक्ष बघितलंय का?" मी लिहिलं, "मी बघितलंय." कारण त्या दिवाळीत गेनबाच्या शेळीला करडू झालं आणि त्यानं त्याचं नाव काय ठेवलं असेल ते तुम्ही ओळखलंच. आता चांगला दांडगा बोकड झालाय. रंग काळाभोर, कान लांब, आणि मागच्या खेपेला त्यानं माझा रुमाल खाल्ला.

त्या नव्या माणसानं लगेच विचारलं, "कशावरून ओळखलंत?"

मी लिहिलं, "गेनबाला विचारून."